तुम्ही सांभाळलेले माझे उपास

रियाजजी,

तुम्ही गेल्यापासून दुपारी माझा डोळा लागतो. एरवी मी दुपारी झोपणारी बाई नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण या पाच दिवसांत जेवण झालं की पापण्या जड होतात आणि मी थेट बेतवा नदीच्या वाळूत उतरते. मोजायच्या टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं तुमच्या. मधे पाणी, आणि पाण्यावर थरथरणारं ऊन. मी आकडा ओरडून सांगते, तुम्ही वहीत लिहून घेता आणि मान हलवता. टेप मात्र संपत नाही. "और पीछे जाऊँ, ताईजी?" असं तुम्ही विचारता आणि मी दर वेळी "थोडा और" म्हणते. तुमचा पांढरा सदरा बारीक होत जातो. जाग आल्यावर स्वतःचाच राग येतो. 'बस' म्हणायला काय झालं होतं मला?

काल ऑफिसात शोकसभा झाली. पुलांच्या नकाशांच्या त्या जुन्या हॉलमध्ये, जिथे आपण अठरा वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो, तिथे तुमचा फोटो ठेवला होता. मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं की तुमची रेघ कधी चुकली नाही, तुम्ही वेळेचे पक्के होतात, कोणाशी चढ्या आवाजात बोलला नाहीत. सगळं खरंच होतं. पण जे सांगायचं होतं ते त्यात नव्हतं. मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते, अगदी पहिल्याच दिवशी, आणि ते तुम्ही जाईपर्यंत तसंच ठेवलं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा सांगू म्हटलं, मग ईदला सांगू म्हटलं, मग तब्येत जरा सुधारू दे म्हटलं. भिजत घोंगडं ठेवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

तो पहिला दिवस सोमवार होता. ड्रॉइंग सेक्शनमध्ये मी पहिलीच बाई. साहेबांनी ओळख करून दिली आणि मी मोठ्या तोऱ्यात हात पुढे केला. तुम्ही उजवा हात छातीवर ठेवलात, मान झुकवलीत आणि म्हणालात, "माफ कीजिएगा, मैं औरतों से हाथ नहीं मिलाता. आप बुरा न मानें." सगळा हॉल बघत होता. माझा हात तसाच हवेत. कानशिलं तापली माझी. वाटलं, हा माणूस मला बाई म्हणून हिणवतो आहे आणि वर आदबीने हिणवतो आहे.

आणि त्याच दुपारी तुम्ही तुमचा डबा उघडून टेबलाच्या मधोमध सरकवलात. "सादी लौकी है, ताईजी. लहसुन-प्याज भी नहीं." मराठी बाईला ताई म्हणतात एवढं तुम्ही कुठूनतरी शिकून आला होतात आणि त्याला झाशीचा 'जी' लावला होतात. मी त्या दुधीच्या भाजीकडे पाहिलं आणि तोंडातून निघालं, "आज माझा उपास आहे."

उपास वगैरे काही नव्हता. माझ्या पिशवीत पोळी आणि बटाट्याची भाजी होती.

आता खरं ते सांगते. आमच्या घरी तुमच्या लोकांच्या घरचं खात नसत. बाबा रेल्वेच्या नोकरीने महाराष्ट्रातून इकडे आले, क्वार्टरच्या दोन्ही बाजूंना सगळ्या धर्मांची माणसं, आईचं सगळ्यांशी गोड. ईदच्या शेवया आल्या की आई हसून वाटी घ्यायची, "बहोत अच्छा" म्हणायची, आणि मागल्या दाराने ती वाटी कामवालीच्या हातात जायची. कोणी कधी वाईट शब्द बोललं नाही. मला तर कोणी काही शिकवलंही नाही, मी नुसती बघत मोठी झाले. सकाळी न मिळवलेल्या हातासाठी मी तुमच्यावर चिडले होते, आणि दुपारी मी स्वतःच तुमच्यापेक्षा वाईट वागले. तुम्ही निदान कारण सांगितलं होतं.

तुम्ही चटकन डबा मिटलात. "अरे, माफी. मुझे पूछना चाहिए था," म्हणालात, आणि व्हरांड्यात जाऊन जेवलात, म्हणजे उपाशी माणसासमोर खाणं नको. आणि मी? मला कडकडून भूक लागली होती. जुन्या नकाशांच्या खोलीत शिरले, दार लावलं आणि गुंडाळ्यांच्या मधे उभ्याउभ्या पोळीचा तुकडा तोंडात घातला. तेवढ्यात दारावर टकटक. "ताईजी, मूँगफली और गुड़ लाया हूँ. फलाहार में चलता है न?" मी चावायची थांबले. दार तुम्ही ढकलणार नव्हतात, कारण आत एकटी बाई होती. ज्या नियमाने सकाळी मला जाळलं होतं त्यानेच दुपारी मला वाचवलं. तुम्ही पुडी उंबऱ्यावर ठेवलीत आणि निघून गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, कोणकोणत्या दिवशी व्रत असतं. एकदा खोटं बोललं की पुढचं सोपं जातं. मी घडाघडा सांगितलं: सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी चतुर्थी. जितके जास्त दिवस तितकी सुटका, असा माझा चोख विचार. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने बारीक टिंबं काढलीत. पुढच्या प्रत्येक वर्षी, नवीन कॅलेंडर लागलं की पहिलं काम ते. तुमच्या शुक्रवारच्या नमाजची कोणी कधी खूण केली नव्हती. माझ्या खोट्या उपासांची मात्र बाराही महिने पेन्सिलने राखण व्हायची.

आणि त्या टिंबांनी माझी पळताभुई थोडी केली. उपासाच्या दिवशी तुम्ही मला जिना चढू द्यायचा नाहीत, वरच्या मजल्यावरचे नकाशे स्वतः आणायचात. साहेबांनी एकादशीला मीटिंग लांबवली तर घड्याळाकडे बघत म्हणायचात, "सर, ताईजी सुबह से भूखी हैं." एवढं झाल्यावर कोणाची छाती होईल पोळी खायची? दोन महिन्यांत मी खरेच उपास धरायला लागले. सासूबाई हरखल्या, सून सुधारली म्हणून गावभर सांगत सुटल्या. आमचे हे विचारायचे, "देवासाठी चाललंय की ऑफिससाठी?"

मी उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शेंगदाण्याची आमटी घेऊन बसले की तुम्ही लांबून बघून हसायचात. "हमारे रोज़े में तो पानी भी नहीं, और आपके यहाँ दावत!" मी म्हणायची, आमच्यात म्हणच आहे, एकादशी दुप्पट खाशी. तुम्हाला ती म्हण इतकी आवडली की पाठ केलीत आणि चुकीच्या ठिकाणी वापरायला लागलात. तुमचे रोजे चालू असताना मी माझा डबा नकाशांच्या खोलीत नेऊन खायची, आता उघडपणे. उन्हाळ्यातला रमजान असला की दुपारचं उभं राहून करायचं काम माझ्याकडे. गौरींच्या तीन दिवसांत माझ्या टेबलावरचं सगळं तुमच्याकडे. शुक्रवारी एक ते अडीच तुमचा फोन मी घ्यायचा. नवीन आलेल्या साहेबांनी शुक्रवारची सवलत बंद करायचं काढलं, तेव्हा मी म्हटलं, मग माझ्या गौरीही बंद करा. सवलत राहिली. यातलं काहीच कधी कागदावर नव्हतं.

संकष्टीचा चंद्र तर तुम्ही माझ्याहून आधी बघायचात. ओरछा गेटजवळच्या तुमच्या गच्चीवरून फोन यायचा, "निकल आया ताईजी, अब खा लीजिए." पहिल्यांदा तो फोन आला तेव्हा मी जेवून हात धुवत होते. नंतर नंतर मी फोनची वाट बघत ताटावर बसून राहायची. निवृत्त झाल्यावरही तो फोन चुकला नाही. तुमच्या आवाजात ईदचा चंद्र दिसल्यासारखा आनंद असायचा आणि मला वाटायचं, हा माणूस माझ्या देवावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. ते आजही मिटलं आहे असं मी म्हणणार नाही.

तुम्ही बंद खोलीत एकट्या बाईबरोबर बसत नव्हतात, ते मी मान्य केलं होतं. आपल्या हॉलचं दार थंडीतही सताड उघडं असायचं आणि मी शाल गुंडाळून रेघा मारायची. पण साइटवर जायचं म्हणजे दोघांनी जायचं, रेस्ट हाउसला मुक्काम करायचा, आणि तुम्ही माझ्याबरोबर जायला नाही म्हणालात. पाच वर्षं तुमच्याबरोबर माझ्या हाताखालचा मुलगा जात राहिला. मग बढतीच्या यादीत त्याचं नाव आलं, माझं नाही, कारण माझ्या नावावर साइटचा अनुभव नव्हता. त्या दिवशी मी तुमच्या टेबलाशी उभी राहून सगळ्यांदेखत बोलले, "तुमचं पुण्य तुम्ही कमवा, पण त्याची किंमत माझ्या नोकरीतून का वसूल करता?"

तुम्ही पांढरे पडलात. "मैं तो आपकी इज़्ज़त के ख़याल से..."

"माझी इज्जत मी बघीन. मला पूल बघू द्या."

तीन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चौथ्या दिवशी साहेबांना लिहून दिलंत की यापुढे तुम्ही साइटवर जाणार नाही, ताईंना पाठवा. झालं, मी जायला लागले आणि तुम्ही हॉलमध्ये बसून राहिलात. नदी, खांब, खांबाला चाटून जाणारं पाणी यांच्यात तुमचा किती जीव होता ते मला माहीत होतं. मी परत आले की तुम्ही विचारायचात, पाणी किती होतं, वाळू कुठे सरकली. मला वाटायचं, हे काय मिळवलं मी? मला तुमची जागा नको होती. तुमच्याबरोबर जायचं होतं, कारण तुमच्यासारखं मोजमाप झाशीत कोणाला येत नव्हतं. हे मी म्हटलं तेव्हा तुम्ही मान हलवलीत. "यह मुझसे नहीं होगा, ताईजी." मी म्हटलं, हा अन्याय आहे. तुम्ही म्हणालात, "शायद है." या बोलण्याच्या पुढे आपण दोघंही कधी गेलो नाही.

साइटवर एकत्र एकदाच गेलो. बरुआसागरच्या बाजूच्या जुन्या पुलाचं माप घ्यायचं होतं आणि तुमच्याशिवाय ते कोणाला जमत नव्हतं. तुम्ही भाभींना बरोबर घेऊन आलात. ऑफिसच्या जीपमध्ये शमीम भाभी, मांडीवर डब्यांची पिशवी, डोक्यावर जांभळी ओढणी! मला आधी हसू आलं, मग राग, मग काहीच नाही. त्या वाळूत छत्री रोवून बसल्या आणि आपण दोघं टेपची दोन टोकं धरून दिवसभर पाण्यात. तुम्ही मला शिकवत होतात, पाण्याखालचा दगड डोळ्याने नाही, पायाने वाचायचा. पाणी संथ होतं. बगळे आपल्या मधून चालत होते. भाभी अधूनमधून ओरडायच्या, "धूप तेज है, सर ढँक लो दोनों." तो दिवस खरोखर घडला की तोही मला दुपारच्या झोपेतच दिसला, अशी आता शंका येते.

तो गुरुवार होता. भाभींनी माझ्यासाठी उकडलेली रताळी वेगळी बांधून आणली होती. तुम्ही दोघं पाठ करून आलूचे पराठे खात होतात. लोणच्याचा वास माझ्यापर्यंत येत होता आणि मला तो पराठा हवा होता, रियाजजी. मनातलं ते जुनं कधी गळून पडलं मला समजलंही नाही. पण ते गळून पडलं तरी उपास उभेच होते, आणि तुम्ही डबा पुढे करणं कधीच थांबवलं होतं. एखाद्या बुधवारी मी स्वतः हात पुढे करायला हवा होता. अठरा वर्षांत किती बुधवार आले आणि गेले.

आज मी तुमच्या घरी गेले. वाटेतच ठरवलं होतं की आज जे समोर येईल ते खायचं आणि भाभींना सगळं सांगायचं. वार गुरुवार आहे हे माहीत होतं. मुद्दामच गेले.

भाभी आतल्या खोलीत बायकांमध्ये होत्या. बाहेर सना भेटली, तुमची धाकटी. चार वर्षांची होती मी नोकरीला लागले तेव्हा. आता रोज बसने चिरगावला बँकेत जाते. मला बघून रडली, मग शेजारी बसून हळूच म्हणाली, "ताईजी, आपसे एक बात पूछनी थी. आपने निभाया कैसे?"

"काय?"

"अपना धरम. मर्दों के बीच नौकरी करके." मग तिने सांगितलं. तिच्या नोकरीला सगळे नातेवाईक नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, औरत बाहेर काम करून ईमान सांभाळू शकते, आमच्या ताईजींकडे बघा, इतक्या वर्षांत एक व्रत चुकलं नाही. त्या एका वाक्यावर तिला बँकेत जाता आलं. "ब्रांच में मैं अकेली लड़की हूँ. नमाज़ की जगह नहीं है, माँगने में शर्म आती है. मैनेजर हाथ बढ़ाते हैं तो मिला लेती हूँ. अब्बू रोज़ पूछते थे, जगह मिली? मैं कहती थी, मिल गई. आख़िरी दिन भी यही कहा." ती माझ्याकडे वळली. "आप जैसी मज़बूत मैं नहीं हूँ."

मला भाभींना सांगायचं होतं, सनाला नाही. पण ती पोर माझ्या खोट्याशी स्वतःला ताडून बघत होती आणि रोज कमी पडत होती. मी तिला सांगितलं. पहिला सोमवार, लौकी, पिशवीतली पोळी. का खाल्लं नाही तेही सांगितलं, शेवयांच्या वाटीसकट. काही गाळलं नाही.

मला वाटलं होतं, ती हलकी होईल. ती ताठ झाली. "अम्मी ने आपके लिए नया पतीला ख़रीदा था," ती म्हणाली. "आप दफ़्तर में आनेवाली थीं उससे एक दिन पहले. उसमें कभी गोश्त नहीं पका. मैंने उसमें दूध गरम करने की ज़िद की थी तो थप्पड़ खाया था. वो आज भी ऊपर अलग रखा है." तिचा आवाज चढत होता आणि ती तो दाबत होती. "और आपके थैले में रोटी थी."

मी क्षमा मागितली. मग एवढंच म्हटलं, मॅनेजरकडे जागा माग, बेटा. तुझ्या अब्बूंनी शुक्रवारची सवलत मागूनच घेतली होती, मलाही हवं ते भांडूनच मिळालं. तिने डोळे पुसले. मग उठता उठता म्हणाली, "अम्मी को मत बताइएगा. आपके व्रत का ख़याल रखना उन्हें बहुत अच्छा लगता था. अब उनके पास वैसे ही क्या बचा है."

तेवढ्यात भाभी आल्या. पांढऱ्या ओढणीत किती लहान दिसतात त्या. आत शेजाऱ्यांनी पाठवलेला डाळ-भात वाढला जात होता, तूप-जिऱ्याचा वास दाटून आला होता. भाभींच्या हातात ताटली होती: केळी, खजूर, दोन पेढे. "आज जुमेरात है," त्या म्हणाल्या. "इनको बड़ी फ़िक्र रहती थी कि ताईजी भूखी न लौटें."

सना दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी ताटली घेतली. दोन केळी खाल्ली, एक खजूर खाल्ला. भाभी माझ्यासमोर बसून राहिल्या, घास मोजणाऱ्या आईसारख्या, आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं. आत पंगतीतून कोणीतरी "और चावल लाना" म्हणालं. मला कडकडून भूक लागली होती. तुमच्या घरी घासभर भात मिळावा म्हणून मी आज आले होते, आणि तो मागण्याचा हक्क मी वीस वर्षांपूर्वीच घालवून बसले होते.

रियाजजी, तुम्ही माझे इतके उपास सांभाळलेत. त्यातला खरा असा आजचा एकच झाला.